गुरुजी कसे निवडायचे, आणि तेच गुरुजी जमिनीवर-मतावर बोलायला लागले तर काय करायचं

घर बांधून झालं, पोरीचं लग्न ठरलं, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आलं की पहिला फोन गुरुजींना जातो. आणि आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात गुरुजी म्हणजे काही एकाच प्रकारचा माणूस नव्हे. भिक्षुकी करणारे ब्राह्मण गुरुजी आहेत, ग्रामदैवताची पूजा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे गुरव आहेत, मिरज-जत भागात लिंगायतांच्या घरी येणारे जंगम स्वामी आहेत, सांगलीकडं जैन बस्तीतले उपाध्ये आहेत, खंडोबाचं जागरण घालणारे वाघ्या-मुरळी, गोंधळी, दर्ग्यावरचे मुजावर, बिरोबाची भाकणूक सांगणारे पुजारी, कीर्तनकार महाराज, सगळे आले. खाली लिहितेय ते या सगळ्यांना लागू आहे, कुठल्या एका जातीवर किंवा धर्मावर रोख नाही आणि तसा कुणी काढूही नये.

मी स्वतः देवधर्म करणारी आहे, घरात कुळाचार आहेत, नवरात्र बसतं, सत्यनारायण होतो. पौरोहित्य हे शिकून येणारं कसब आहे असं मी मानते, त्याचा मान ठेवायचा आणि मोबदलाही नीट द्यायचा. पण तो मान त्या कामापुरताच. होमात कुठली आहुती आधी आणि कुठली नंतर हे गुरुजी सांगतील तसं, तिथं आपण तोंड घालायचं नाही. माझ्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागावं, मुलीनं कुणाशी लग्न करावं, ग्रामपंचायतीला कुणाला मत द्यावं, दम्याचं औषध चालू ठेवावं का बंद करावं, यात त्यांचा शब्द दुसऱ्या कुठल्याही माणसाएवढाच. ही रेघ एकदा मनात पक्की झाली की पुढचं सगळं सोपं जातं.

काम येतंय का ते ओळखायचं कसं

पहिलं म्हणजे संकल्पाला कान द्या. पूजेच्या सुरुवातीला पाणी सोडताना गुरुजी जे भरभर म्हणतात त्यात खरं तर तुमचा आख्खा पत्ता असतो. शके किती, संवत्सर कुठलं, उत्तरायण की दक्षिणायन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग देश (आपल्याकडं दंडकारण्याचा आणि गोदावरीच्या दक्षिण तीराचा उल्लेख येतो, कारण सातारा-सांगली गोदावरीच्या खाली), मग तुमचं गोत्र, नाव, आणि हे कर्म कशासाठी चाललंय तो हेतू. ज्याला काम येतं तो घरात आल्यावर आधी पंचांग बघतो, कारण तिथी काही रात्री बाराला बदलत नाही, सकाळी अष्टमी आणि दुपारी नवमी असं सर्रास होतं. मग तुम्हाला गोत्र विचारतो, घरातल्या सगळ्यांची नावं विचारतो, वास्तुशांत असेल तर घर कुणाच्या नावावर आहे तेही विचारतो. ज्याला येत नाही तो काल दुसऱ्याच्या घरात म्हटलेला संकल्प आज तुमच्या घरात म्हणून मोकळा होतो. संस्कृत येत नसलं तरी तिथीचं नाव आणि आपलं गोत्र कुणालाही ऐकू येतं. गोत्र माहीतच नसेल तर काश्यप म्हणायचा प्रघात आहे, त्यात काही कमीपणा नाही, आणि त्यावरून कुणी चारचौघांत हिणवलं तर पुढच्या वेळी दुसरा माणूस बोलवा.

दुसरं, आधी फोनवरच विचारा की काय काय करणार आणि किती वेळ लागेल. वास्तुशांत म्हणजे गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, वास्तुमंडल, नवग्रह, होम, बलिदान, पूर्णाहुती, आणि शेवटी वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची. हे सगळं तासाभरात उरकतो म्हणणारा यातलं बरंच गाळणार हे उघड आहे. गाळायला माझी हरकत नाही, लोकांना वेळ नसतो, ऑफिस असतं, पाहुणे जेवायला खोळंबतात. पण जाणकार गुरुजी सांगून गाळतात. आहुत्या 108 घ्यायच्या, 28 घ्यायच्या की 8, तिन्ही चालतात, आणि चांगला माणूस स्वतःहून म्हणतो की ताई तुमच्याकडं वेळ कमी आहे तर 28 घेऊ, काही बिघडत नाही. हे 'काही बिघडत नाही' जो मनापासून म्हणू शकतो त्याला शास्त्र येतं. ज्याला येत नाही तोच प्रत्येक गोष्टीला 'हे नाही केलं तर' अशी सुरुवात करतो.

तिसरं, हात बघा. होम पेटवताना सगळं कळतं. नव्या घरात टाइल्सवर थेट कुंड ठेवलं तर टाइल तडकते, म्हणून ज्याचा हात बसलाय तो आधी खाली विटा आणि वाळूचा जाड थर घालायला सांगतो, वाळू सामानाच्या यादीतच लिहून देतो. गोवऱ्यांचे तुकडे उभे-आडवे रचून मधे हवेला वाट ठेवतो, कापूर खाली, समिधा कोरड्या आहेत का ते बोटानं मोडून बघतो, तूप एकदम ओतत नाही, पळीपळीनं सोडतो. घरात धूर कमी आणि ज्वाळ जास्त राहते, म्हातारी माणसं खोकत बाहेर जात नाहीत. यजमानाचा हात थरथरत असेल तर स्वतःचा हात खाली धरतो. मला हे बघायला फार आवडतं, यात किती वर्षांचा सराव असतो ते दिसतं.

उच्चाराचं म्हणाल तर वेदमंत्राला उदात्त, अनुदात्त, स्वरित असे स्वर असतात आणि पाठशाळेत शिकलेल्या माणसाच्या म्हणण्यात ते चढ-उतार ऐकू येतात. नाही आले तर लगेच माणूस वाईट ठरवू नका. पुराणोक्त पद्धतीनं करणारे, घरच्या घरी वडिलांकडून शिकलेले, स्पष्ट आणि न अडखळता म्हणणारे पुष्कळ आहेत. आजकाल बायकाही पौरोहित्य शिकून छान करतात, पुण्यात हे कधीपासून रुळलंय, आपल्याकडंही बोलवा की.

चौथं, अर्थ विचारा. पूजा चालू असताना नको, आधी किंवा जेवण झाल्यावर. 'हे नांदीश्राद्ध शुभकार्यात कशाला?' एवढं विचारा. उत्तर येणारा माणूस खूष होतो, बसून सांगतो. वाईला प्राज्ञपाठशाळा आहे, नारायणशास्त्री मराठ्यांनी उभी केलेली, तिथंच लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले, तर्कतीर्थ झाले, पुढं मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी वाईतूनच चालवलं. शास्त्र कोळून प्यायलेला हा माणूस 1932 साली येरवड्याला गांधीजींच्या मदतीला गेला, अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्रातूनच मांडायला. 1933 साली देवदास गांधी आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न पुण्यात लागलं तेव्हा विधी सांगायला तर्कतीर्थच होते. म्हणजे आपल्या कृष्णाकाठीच दाखला आहे की खरी विद्वत्ता माणसाला मोकळं करायला वापरता येते. कुणी 'शास्त्रात असंच आहे' म्हणून दरडावलं की मला हा दाखला आठवतो आणि मी शांतपणे विचारते, कुठल्या ग्रंथात, कुठल्या अध्यायात?

दक्षिणा आणि सामान हे आधीच ठरवा, लाजू नका. आपल्याकडं 'तुम्हाला द्यायचं ते द्या' म्हणायची पद्धत आहे आणि त्यातूनच दोन्हीकडं मनात अढी बसते. मी सरळ विचारते, दक्षिणा किती, बरोबर किती ब्राह्मण येणार, त्यांचं वेगळं का त्यातच, येण्याजाण्याचं काय, सामान तुम्ही आणणार का आम्ही. सामान आम्ही आणणार म्हटलं तर यादी व्हॉट्सॲपवर मागायची, सुपाऱ्या, विड्याची पानं, हळकुंडं, खारीक-बदाम, जानवी, नारळ, ब्लाउजपीस, दर्भ, समिधा, तूप, सगळं नगासकट किंवा वजनासकट. ठरलेले पैसे पूजा झाल्याझाल्या पाकिटात घालून द्यायचे, हेलपाटा घालायला लावायचं नाही. भिक्षुकीवर घर चालवणाऱ्या माणसाला आपण सणासुदीला घासाघीस करून पिळतो आणि मग तो दुसऱ्या मार्गानं पैसे काढायला लागला की बोंब मारतो. चांगली माणसं या धंद्यात टिकावीत असं वाटत असेल तर मेहनतान्यात हात आखडू नका.

आणि एक गोष्ट भीती घालवायला फार उपयोगी पडते. 'मी आलो नाही तर लग्नच लागणार नाही' हे कुणाच्याही बाबतीत खरं नाही. हिंदू विवाह कायदा 1955 चा, त्याच्या कलम 7 प्रमाणे वधू किंवा वर यांपैकी कुणाही एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी चालतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं विधीशिवाय नोंदणी करून लग्न करता येतं. आणि ही वाट आपल्या जिल्ह्याला काही नवीन नाही. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, त्यांनी 1873 ला सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना समांतर चालवलेल्या कारभाराच्या, काळात तर सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते) गावोगाव गांधी लग्नं लागली, हुंडा नाही, थाट नाही, कर्ज नाही. गुरुजी बोलावणं ही आपली आवड आणि श्रद्धा आहे. हे लक्षात असलं की कुणी नाडू शकत नाही.

मान कधी सत्तेत बदलतो

हे एका दिवसात होत नाही. आधी एखादा दोष निघतो, पितृदोष, कालसर्प, वास्तुदोष, घरात काहीतरी अडलेलं असतंच, त्याला नाव मिळतं. मग उपाय. उपाय केल्यावर थोडं बरं वाटतं, विश्वास बसतो, मग बाई-माणूस मन मोकळं करतं, दिराशी पटत नाही, वाटणी राहिलीय, मुलगा दारू पितो, हे सगळं त्या माणसाला कळतं. गावातल्या पन्नास घरांची अशी आतली माहिती एका माणसाकडं जमा झाली की तो पुजारी राहत नाही, गावचा कारभारी होतो. मग भाऊबंदकीच्या बैठकीत तो मधे बसतो, मग पुढारी पाया पडायला येतो, मग फ्लेक्सवर दोघांचा फोटो लागतो.

मी कशावर नजर ठेवते ते सांगते. दुसऱ्या कुणाकडं जाऊ नका, दुसऱ्यानं केलेलं फळत नाही, असं म्हटलं की सावध. नवऱ्याला सांगू नका, सासूला कळू देऊ नका, असं म्हटलं की तिथून उठायचं, देवाच्या कामात घरच्यांपासून लपवण्यासारखं काही नसतं. औषध बंद करा म्हटलं की चर्चाच नको. पैसे टप्प्याटप्प्यानं वाढायला लागले, आधी नारळ, मग बोकड, मग सोनं, की थांबायचं. आणि मुख्य म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात तिसऱ्याच माणसाचं नाव आलं, जावेनं केलंय, शेजारच्या म्हातारीनं केलंय, तर ते उत्तर देवाचं नाही हे नक्की समजा. या एका वाक्यापायी घरं फुटलीत, म्हाताऱ्या बायकांना गावानं टाकलंय.

कौल लावताना पण मी हाच नियम पाळते. देवाला फूल लावून विचारायचं असेल तर स्वतःबद्दल विचारा, पेरणी करू का, प्रवासाला निघू का, मनाला आधार म्हणून. दुसऱ्याचं नाव घेऊन कौल लावायचा नाही, आणि लावू द्यायचाही नाही. अंगात आलेल्या माणसाला तर कधीच प्रश्न विचारू नये ज्याच्या उत्तरानं कुणाचं नुकसान होईल.

हे सगळं आजचंच आहे असं नाही. सातारच्या प्रतापसिंह महाराजांच्या काळात, म्हणजे 1820-30 च्या सुमाराला, कोणाला वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी होणाऱ्या, विधीचा अधिकार आणि कोणाला नाही यावरून केवढा वाद पेटला होता, आणि विरोधी बाजूला सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन होते. वर वर बघता मंत्र कुठले म्हणायचे याचा वाद, पण आत राजाचा दर्जा ठरवायचा कुणी हा प्रश्न होता. पुढं कोल्हापुरात शाहू महाराजांच्या बाबतीत तेच वेदोक्त प्रकरण झालं, आणि त्यांनी 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं वेगळं पीठच उभं केलं. विधी सांगणाऱ्याच्या हातात 'तू कोण' हे ठरवायची ताकद गेली की राजासुद्धा अडचणीत येतो, तिथं ऊस घालून पोट भरणाऱ्या माणसाची काय कथा.

भंडारा आणि मत

आता सगळ्यात नाजूक विषय. निवडणुकीच्या आदल्या रात्री देवळात बोलावून शपथ घालायची पद्धत आपल्याकडं आहे, सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. वाडीतल्या बायकांना आरतीच्या निमित्तानं बोलावतात. गाभाऱ्यापुढं परात, परातीत भंडारा, वर बेलाची पानं. पुजारी दिवा लावतो, उमेदवाराचा माणूस खांबाला टेकून मोबाईल बघत उभा असतो, तोंडानं काही बोलत नाही. एकेकीला पुढं बोलवायचं, बेलभंडारा उचलायला लावायचा, कपाळाला लावायचा आणि म्हणायला लावायचं की अमक्या चिन्हाला नाही दिलं तर देव बघून घेईल. साडी किंवा पाकीट नंतर घरी पोचतं. सत्तरीतली आजी ती शपथ इतकी खरी मानते की दुसऱ्या दिवशी मशीनपुढं तिचा हात कापतो. मला याचा फार राग येतो. जिनं आयुष्यभर देवाला फक्त लेकरांचं बरं मागितलं तिच्याच श्रद्धेला असं वेठीला धरायचं.

यात काय करायचं? घरातल्या मोठ्यांशी आधीच बोला, निवडणूक जाहीर झाली की लगेच, आदल्या रात्री नको. 'शपथ खोटी असते' असं म्हणू नका, त्यांना ते पटत नाही आणि दुखावतं. असं सांगा की दडपणाखाली घ्यायला लावलेली शपथ घेणाऱ्यावर बसत नाही, ज्यानं देवाला मधे घातलं त्याच्यावर बसते. आणि हे तुम्ही सांगण्यापेक्षा घरच्या जुन्या गुरुजींनी किंवा भजनातल्या एखाद्या मानाच्या माळकऱ्यानं सांगितलं तर दहापट चालतं. अशी माणसं प्रत्येक गावात असतात, त्यांना जाऊन विनंती करा की हरिपाठ झाल्यावर दोन वाक्यं बोला. मत गुप्त असतं, कुणाला दिलं ते कुणालाच कळत नाही, हेही परत परत सांगावं लागतं, कारण 'आम्हाला मशीनमधून कळतं' अशी भीती मुद्दाम पसरवलेली असते.

कायदा या बाबतीत एकदम स्पष्ट आहे. मतदाराला देवाचा कोप होईल किंवा धर्मगुरूंची नाराजी ओढवेल असं भासवून मत फिरवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 मध्ये गैरवाजवी दडपण म्हणून येतं आणि कलम 174 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विधानसभा-लोकसभेला 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली हाच भ्रष्ट आचार ठरतो आणि निवड रद्द होऊ शकते. झालेलीही आहे. तेव्हाच्या पंजाबातली एक केस 1959 साली सुप्रीम कोर्टात गेली होती, नामधारी शिखांच्या सद्गुरूंनी अमक्यालाच मत द्या असा हुकूम काढला होता. कोर्टाचं म्हणणं असं की धर्मगुरूनं स्वतःचं मत सांगायला हरकत नाही, पण अनुयायाला दुसरा मार्गच उरू नये अशा भाषेत आदेश दिला तर ते दडपण. निवड रद्द झाली ती झालीच. ही कसोटी लक्षात ठेवा, कीर्तनात महाराज राजकारणावर काही बोलले तर ते मत होतं का फर्मान, यावर सगळं अवलंबून आहे. 2017 साली सात न्यायाधीशांच्या घटनापीठानं चार विरुद्ध तीन असा निकाल देऊन धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागायला बंदी आणखी पक्की केली.

देवळाच्या नावानं पद विकायचा प्रकार पण बघितलाच आहे. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली ग्रामपंचायत निवडणूकच रद्द केली, पदांचा जाहीर लिलाव झाला म्हणून. देवळासाठी एवढे लाख देतो, आम्हाला बिनविरोध करा, असं तुमच्या गावात कुणी बोललं तर हे दाखवा. देऊळ बांधायचं तर वर्गणी काढून बांधा, तो पवित्र पैसा असतो, त्याच्या बदल्यात खुर्ची देऊ नका.

1988 चा धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंध कायदा पण आहे, त्यात देवळाची, मशिदीची, चर्चची जागा, पैसा, किंवा त्यांच्या वतीनं भरवलेला उत्सव-मिरवणूक राजकीय कामाला वापरायला बंदी आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे सप्त्याच्या मांडवात प्रचाराचं भाषण झालं तर ट्रस्टी अडकतात. ट्रस्टींना हे सांगितलं की बहुतेक वेळा ते स्वतःच पुढाऱ्याला नम्रपणे नाही म्हणतात, त्यांनाही कारण हवंच असतं.

देवाची जमीन आणि दानपेटी

इथं भावनेचं काही काम नाही, कागद बघायचे. देवस्थान ट्रस्ट नोंदलेला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली (1950 चा) धर्मादाय कार्यालयात त्याची नोंद असते, सातारा-सांगली दोन्हीकडं कार्यालयं आहेत. परिशिष्ट एकची नक्कल मागा, त्यात विश्वस्त कोण आणि मिळकत काय ते सगळं येतं. कितीतरी ठिकाणी गेलेल्या माणसांची नावं तशीच असतात, आणि कारभार भलताच कुणीतरी बघत असतो. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, कलम 36. गैरकारभार सिद्ध झाला तर कलम 41 ड खाली विश्वस्त काढता येतो. सांगली जिल्ह्यातली बरीच देवळं कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं आहेत, 3000 च्या वर देवळं बघते ती समिती, तर तुमचं देऊळ तिच्याकडं आहे का ते आधी तपासा, म्हणजे अर्ज चुकीच्या दारात जाणार नाही.

मग सातबारा काढा. देवस्थान इनाम वर्ग 3 असं लिहिलेलं असेल तर ती जमीन देवाची, भोगवटादार म्हणून देवाचंच नाव पाहिजे, पुजारी हा वहिवाटदार. पूजा-अर्चा, दिवाबत्ती करायची आणि त्या बदल्यात पीक खायचं, एवढाच त्याचा हक्क, विकायचा नाही. जुने फेरफार पण काढा, कारण नाव कधी आणि कशाच्या आधारावर बदललं ते फेरफारातच सापडतं. गुरवांची घरं पिढ्यान्‌पिढ्या या जमिनीवर जगतात, ती कष्टाळू माणसं आहेत, त्यांना उठवायच्या मागं लागू नका. बिल्डरला लिहून देणारा वेगळा आणि दोन एकरात भुईमूग करून देवाला रोज पाणी घालणारा वेगळा. पंढरपूरला बडवे-उत्पातांचे, म्हणजे विठ्ठल-रुक्मिणीच्या पिढीजात पुजाऱ्यांचे, वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्यानं गेले आणि 2014 ला सुप्रीम कोर्टात त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं, म्हणजे एवढं मोठं जुनं बस्तान असलं तरी ते देवापेक्षा मोठं नाही हे ठरलंय.

दानपेटीचं साधं ठेवा. दोन किल्ल्या, दोन वेगळ्या घरांत. ठरलेल्या तारखेला, चार पंच आणि दोन बचत गटातल्या बायका बसवून उघडायची, मोजताना मोबाईलवर चित्रण, आकडा देवळाच्या फळ्यावर, पैसे त्याच दिवशी बँकेत. पुजाऱ्याला महिन्याला ठरावीक मानधन द्या आणि ताटातली दक्षिणा त्याची, पेटीतली ट्रस्टची, हे लिहून ठेवा. या एका गोष्टीनं निम्मी भांडणं मिटतात.

तक्रार करायची वेळ आली तर

चमत्काराच्या नावावर लुबाडणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण, साप-विंचू-कुत्रा चावला तरी दवाखान्यात जाऊ न देणं, हे जादूटोणाविरोधी कायद्यात येतं. उसाच्या पट्ट्यात सर्पदंश नेहमीचे, तिथं मंत्रात घालवलेला अर्धा तास जिवावर बेततो. हा कायदा यावा म्हणून साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं घालवली, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि मग चार दिवसांत वटहुकूम निघाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा, घरची पूजा याला त्यात अजिबात हात लावलेला नाही, उलट तसं कायद्यातच लिहिलंय, त्यामुळं 'हा कायदा धर्माविरुद्ध आहे' म्हणणाऱ्याला तो वाचायला द्या.

तक्रार दिली म्हणून गावानं वाळीत टाकायची भाषा केली, पाणी-किराणा-मयतीला येणं बंद केलं, लग्नाला गुरुजी किंवा देऊळ मिळू दिलं नाही, तर त्यासाठी सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 चा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. विधानसभा-लोकसभेच्या आचारसंहितेत देवळात प्रचार दिसला तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तिथूनच फोटो टाकता येतो. ग्रामपंचायत किंवा झेडपीला मात्र तहसीलदार कचेरीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी द्या.

एकट्यानं जाऊ नका, दोन-तीन घरं मिळून जा, त्यातलं एक तरी घर नियमित देवळात जाणारं असू द्या म्हणजे 'हे नास्तिक आहेत' हे तोंड बंद होतं. अर्जात माणसाच्या स्वभावावर, जातीवर एक शब्द लिहू नका. तारीख, ठिकाण, काय बोलला, कोण हजर होतं, किती पैसे कुणाच्या खात्यावर गेले, एवढंच. गूगल पे चा स्क्रीनशॉट फार कामाला येतो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, आणि आठ-पंधरा दिवसांनी तोच आवक नंबर घेऊन परत जायचं. दरम्यान देवळातली रोजची पूजा चुकू द्यायची नाही, तोपर्यंत दिवाबत्ती कोण करणार ते अर्ज द्यायच्या आधीच ठरवून ठेवा.